गारवा विकत मिळतो काय?

(तृतीय वर्ष, कला)

खानदेशातली वैशाखाची दुपार ही घरात बसून काढायची वेळ. माठाला ओले फडके, खिडकीला वाळ्याचा पडदा, डोक्याला उपरणे आणि खिशात कांदा, हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे उपाय. भुसावळ-जळगाव भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला तरी आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. माणसाने उन्हाशी जमवून घेतले आहे. परंतु अलीकडे आपल्या घरात असा एक पाहुणा येऊन राहिला आहे, की ज्याला ना माठ कळतो ना कांदा. तो पाहुणा म्हणजे लॅपटॉप. निबंध, टिपणे, प्रकल्प, परीक्षेचे अर्ज, नोकरीचे अर्ज, सगळेच आता त्याच्या हवाली झालेले असल्यामुळे तो तापला की आपलेही डोके तापते.

या तापलेल्या पाहुण्याला गार ठेवण्यासाठी बाजारात ‘कूलिंग पॅड’ नावाची वस्तू मिळते. जेवायला बसण्याच्या पाटाएवढी एक चौकट, तिला वर जाळी, जाळीखाली दोन ते सहा पंखे आणि पंख्यांत निळे दिवे. लॅपटॉप या पाटावर ठेवायचा, पाटाची तार लॅपटॉपलाच जोडायची, की पंखे सुरू. ही वस्तू खरोखर कामाची आहे काय, आणि असल्यास किती, याचा शोध मला गेल्या उन्हाळ्यात घ्यावा लागला. मी विज्ञानशाखेची विद्यार्थिनी नव्हे. पण गरज पडली की कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही तापमापक हाती धरता येतो, एवढे त्यातून मला उमगले. ते सर्व मित्रमैत्रिणींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त

माझ्या प्रकल्पासाठी मी आजीच्या तोंडून लेवा गणबोलीतल्या जात्यावरच्या ओव्या आणि सणावारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. आजी ऐंशीच्या पुढची. काही शब्द तिच्याशिवाय आता घरात कोणालाच येत नाहीत, आणि तिलाही ते पहिल्यासारखे चटकन आठवत नाहीत. त्यामुळे ध्वनिमुद्रण ऐकायचे, शब्द उतरवायचा, अडले की तिच्याजवळ जाऊन विचारायचे, असे काम चालले होते. ती दुपारी जागी असे, म्हणून मीही दुपारीच बसत असे.

एके दिवशी साडेतीनच्या सुमारास लॅपटॉपचा तळ चटका बसण्याइतका तापला. आतला पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. मी एक अक्षर दाबावे आणि ते पडद्यावर सावकाश उमटावे, असे काही वेळ चालले आणि मग एकाएकी पडदा काळा झाला. अर्ध्या तासाचे लेखन गेले. मूळ ध्वनिमुद्रण शाबूत राहिले, हे नशीब. पण चार दिवसांत तीनदा असे घडल्यावर माझा धीर सुटला. एका दुकानदाराने लॅपटॉप हातात घेतला न घेतला तोच निकाल दिला, “हे मशीन गेले. नवे घ्या.” नवे म्हणजे चाळीस हजार रुपये. दुसऱ्या दुकानात मात्र ‘तूर्त हा लावून पाहा’ म्हणून नऊशे रुपयांना कूलिंग पॅड मिळाला. तो मी शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतला.

घरी आल्यावर अप्पांनी विचारले, “काय आणलं बाई?”

मी म्हटले, “लॅपटॉपसाठी आहे, अप्पा. यातून गार हवा येते.”

अप्पांनी पंख्यापुढे हात धरला आणि विचारले, “ती गार हवा कुठून येऊन राह्यली?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

मनोरा आणि लॅपटॉप

अप्पा दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात नोकरीला आहेत. त्यामुळे गार करणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून वाचावे लागलेले नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी दीपनगरचे शीतन मनोरे, म्हणजे कूलिंग टॉवर, रस्त्याने जातायेता पाहिले असतील. त्यांच्या तोंडातून निघणारे पांढरे लोट पाहून अनेकजण ‘बघा किती धूर सोडतात’ असे म्हणतात. तो धूर नव्हे. धूर उंच चिमणीतून जातो. मनोऱ्यातून निघते ती पाण्याची वाफ.

कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोरावर चक्रे फिरवतात. काम झाले की त्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते. त्यासाठी नळ्यांतून थंड पाणी खेळवतात आणि वाफ त्या नळ्यांभोवती नेतात. तेथे वाफेची उष्णता घेऊन हे थंड पाणी कोमट-गरम होते आणि मनोऱ्यात जाते. मनोऱ्यात ते बारीक धारांनी खाली पडते, खालून हवा वर चढते, थोडेसे पाणी वाफ होऊन उडून जाते आणि उडताना उरलेल्या पाण्याची उष्णता सोबत नेते. गार झालेले पाणी पुन्हा कामाला जुंपले जाते. कोळशात जेवढी उष्णता असते, तिच्यातला जेमतेम तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक एवढाच विजेत उतरतो. उरलेल्यातला मोठा भाग असा मनोऱ्यावाटे आकाशात सोडून द्यावा लागतो. नवल वाटेल, पण वीज निर्माण करण्याइतकेच उष्णता टाकून देणे हेही वीज केंद्राचे मोठे काम आहे.

अप्पांनी मला एकच वाक्य सांगितले आणि ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. ‘थंडी कोणी तयार करत नाही. उष्णता इथून उचलून तिथे टाकतात, एवढेच.’

आता लॅपटॉपकडे पाहू. त्याच्या आत नखाएवढी एक चकती सारी आकडेमोड करते. तिला प्रक्रियक म्हणतात. साध्या लॅपटॉपमधला प्रक्रियक नेटाने काम करताना पंधरा ते पंचवीस वॅट वीज घेतो. ही वीज शेवटी जाते कोठे? दिव्यात निदान काही वीज प्रकाश होऊन खिडकीबाहेर जाते. प्रक्रियकात गेलेली वीज मात्र जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होते. नखाएवढ्या जागेत पंचवीस वॅट म्हणजे थोडकी गोष्ट नव्हे. ती उष्णता तेथेच साचली, तर काही क्षणांत चकती निकामी होईल.

म्हणून चकतीवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. ती भरीव नसते. तिच्या पोकळीत किंचित द्रव असतो. चकतीजवळ तो उकळून वाफ होतो, वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला जाते, तेथे धातूच्या पातळ पत्र्यांना उष्णता देऊन तिचे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, ते मागे परतते. पत्र्यांवर एक छोटा पंखा हवा मारतो आणि उष्णता बाहेर फेकतो. अशा उष्णतावाहक नळीची रचना अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली करून दाखवली, आणि तिचे महत्त्व तेव्हापासून सर्वांना कळले. वाफ करायची, वाफेचे पाणी करायचे, पाणी परत आणायचे! माझ्या लॅपटॉपमध्ये एक चिमुकले दीपनगरच दडलेले आहे, हे कळले तेव्हा मला फार गंमत वाटली.

पण दोहोंत एक मोठा फरक आहे, आणि आपल्या विषयाची किल्ली त्या फरकात आहे. मनोऱ्यात पाणी उघड्यावर उडून जाते. लॅपटॉपमधले पाणी नळीत कोंडलेले असते. तेथे शेवटी उष्णता घेऊन जाते ती कोरडी हवा.

कोरडी हवा आणि ओली हवा

कोरडी हवा उष्णता उचलते ती आपल्यापेक्षा अधिक गरम असलेल्या वस्तूचीच. खोलीत ४० अंश तपमान असेल, तर त्या खोलीतली हवा कितीही जोरात मारली तरी कोणतीही वस्तू ४० अंशांच्या खाली जाणार नाही. मग आपल्याला पंख्याखाली गार कसे वाटते? आपल्या अंगावर घाम असतो आणि तो उडतो म्हणून. लॅपटॉपला घाम येत नाही. अप्पांच्या प्रश्नाचे उत्तर हेच. कूलिंग पॅडमधून येणारी हवा ही गार हवा नव्हेच. ती खोलीतलीच हवा, फक्त वेगाने येणारी. हाताला ती गार लागली, याचे कारण माझ्या हातावरचा घाम.

हाताच्या साक्षीवर विसंबू नये, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माहीत असेलच. एक हात गरम आणि एक गार असताना दोन्ही एकाच पाण्यात बुडवले, तर तेच पाणी एका हाताला थंड आणि दुसऱ्याला ऊन लागते, हे सतराव्या शतकात जॉन लॉक यांनी दाखवून दिले होते. दुकानात पॅडवर हात धरून ‘वा, काय गार हवा आहे’ म्हणणारे आपण सर्व लॉकसाहेबांचे नापास विद्यार्थी होत.

ओल्या हवेची गोष्ट निराळी. पाणी वाफ होताना फार मोठी उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडून गेले, तर सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता जाते. पंचवीस वॅटचा लॅपटॉप सारा दिवस आणि सारी रात्र चालला, तर तो जेवढी उष्णता बाहेर टाकील, ती एवढ्यात भागते! माठातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार असते ते याच न्यायाने, आणि घरातला कूलरही याच न्यायाने चालतो. कूलरच्या तीन बाजूंना गवताच्या जाळ्या असतात, त्यांवर पाणी ठिबकते, पंखा त्यांतून हवा ओढतो, आणि येते ती खरोखरच गार झालेली हवा.

ती किती गार होईल, हे हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला, तर पारा जेथे येऊन थांबतो, तेथपर्यंतच कूलरची मजल. आपल्याकडे मे महिन्यात तपमान ४४ अंश आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा पारा २३-२४ अंशांपर्यंत उतरतो. चांगला कूलर त्या मार्गावर तीन-चतुर्थांश अंतर काटतो, म्हणजे २८-२९ अंशांची हवा देतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत हे जमत नाही. म्हणून कोकणातल्या पाहुण्यांना आपल्या कूलरचे भारी अप्रूप वाटते. खानदेशाच्या उन्हाने आपल्याला पुष्कळ छळले आहे, पण कोरडेपणाचा हा एक फायदाही दिला आहे.

मोजून पाहावे

एवढे समजल्यावर पॅडची परीक्षा घेण्याचे मी ठरवले. लॅपटॉपच्या आत उष्णतामापक बसवलेलेच असतात आणि त्यांचे आकडे दाखवणारे कार्यक्रम फुकट मिळतात. खोलीसाठी अप्पांचा भिंतीवरचा तापमापक होताच. परीक्षेचे नियम मी असे केले :

१. दर वेळी काम एकच. एक मोठी चित्रफीत एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणे, म्हणजे प्रक्रियकाला सतत राबावे लागते.

२. निदान अर्धा तास थांबून, आकडा स्थिरावल्यावरच नोंद करायची. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे फसवे असतात.

३. एका वेळी एकच बदल. दोन उपाय एकदम केले, तर गुण कोणाचा हे कळत नाही.

४. प्रत्येक चाचणी तीनदा, आणि दर वेळी खोलीचे तपमान शेजारी लिहायचे.

हा चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. ‘पॅड लावल्यावर तपमान ७० अंश राहिले’ या वाक्याला खोलीचे तपमान सांगितल्याशिवाय काहीच अर्थ नाही. वातानुकूलित कार्यालयातले ७० आणि दीपनगरच्या वैशाखातले ७० एक नव्हेत. पाहायचा तो फरक : आतले तपमान उणे खोलीचे तपमान. पॅडची करामत फक्त या फरकात दिसू शकते.

माझ्या वहीतल्या नोंदी सांगते. त्या एकाच लॅपटॉपच्या आहेत आणि त्यांना तेवढेच महत्त्व द्यावे. दुपारी खोलीत ४० अंश होते. लॅपटॉप नुसता टेबलावर ठेवला, तेव्हा आतला आकडा ९४-९५ वर गेला आणि तेथेच खिळून राहिला. खिळून राहिला म्हणजे बरे झाले असे नव्हे. बहुतेक प्रक्रियक ९५ ते १०० अंशांच्या आसपास आपणहून काम मंदावतात, जेणेकरून उष्णता कमी व्हावी. माझी अक्षरे सावकाश उमटत होती ती याच कारणाने. तेवढ्यानेही भागले नाही की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते.

मग मागच्या दोन कोपऱ्यांखाली दोन जाड पुस्तके सरकवली. मधली जागा मोकळी ठेवली. आकडा ९१ वर आला. (साहित्याने विज्ञानाला आधार दिल्याचे हे उदाहरण प्राध्यापकांनी नोंदवून ठेवावे.) पुस्तके काढून पॅड लावला, तेव्हा ८९-९०. म्हणजे नऊशे रुपयांच्या पॅडने पाच अंश दिले, आणि त्यांपैकी तीन अंश फुकटच्या पुस्तकांनीही दिले होते! कारण उघड आहे. बहुतेक लॅपटॉप तळातल्या फटींतून हवा ओढतात. टेबल आणि तळ यांच्यात जेमतेम बोटाच्या पेराएवढीही जागा नसते. ती जागा वाढवणे हाच पॅडचा निम्म्याहून अधिक गुण. गोधडीवर किंवा गादीवर लॅपटॉप ठेवणारे लोक तर त्याचे नाकच दाबून धरतात.

तिसरा उपाय मला एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितला. त्यांनी लॅपटॉप उघडून मला जवळ बोलावले. पंखा आणि धातूचे पत्रे यांच्यामध्ये धुळीचा एक जाड, राखाडी थर नमद्यासारखा बसला होता. चार-पाच वर्षांची काळ्या मातीची आणि घरातल्या पिंजलेल्या सुताची धूळ. हवेला जायला वाटच नव्हती. त्यांनी तो थर काढला, प्रक्रियक आणि तांब्याची नळी यांच्यामधला सुकलेला लेप पुसून नवा लावला आणि चारशे रुपये घेतले. घरी येऊन नुसत्या टेबलावर तीच चाचणी केली. खोली ४०, आतला आकडा ८२! फरक ५४ वरून ४२ वर आला होता. त्यावर पॅड लावला, तर ७९. म्हणजे स्वच्छ यंत्राला पॅडने तीनच अंश अधिक दिले.

शेवटची चाचणी कूलरच्या खोलीत. तेथे तपमान होते ३०. पॅड नाही, पुस्तके नाहीत. आकडा आला ७२. पाहा, फरक तोच राहिला, ४२. कूलरने लॅपटॉपची उष्णता टाकण्याची ताकद तसूभरही वाढवली नाही. त्याने खोलीचे तपमान दहा अंशांनी खाली आणले आणि लॅपटॉप त्याच्यासोबत तेवढाच खाली उतरला. पॅड फरक कमी करतो, कूलर पाया खाली आणतो. सबंध विषय या एका वाक्यात येतो.

आणि आपल्याकडे खरी अडचण पायाचीच आहे. लॅपटॉपसोबत येणारी पुस्तिका आपण वाचत नाही. बहुतेक उत्पादक तीत लिहितात की हे यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावे. आपल्या भागात मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३५ अंश हे सकाळीच होतात. ज्या हवेत वापरू नये असे लिहिले आहे, तीच हवा पॅडचे पंखे अधिक जोराने आत ढकलणार. त्यांच्याकडून किती अपेक्षा करावी?

पॅड कोणी घ्यावा, कसा पाहावा

याचा अर्थ पॅड निरुपयोगी आहे असा नव्हे. ज्यांचा लॅपटॉप जड कामे करतो, चित्रफिती जोडतो किंवा ज्यावर भारी खेळ खेळले जातात, त्यांना काही अंशही मोलाचे असतात. पण घेताना डोळसपणे घ्यावा.

प्रथम लॅपटॉप हवा कोठून घेतो, ते पाहावे. तो जड कामाला लावून पातळ कागदाची पट्टी फटींजवळ धरावी. पट्टी चिकटते तेथून हवा आत जाते, उडते तेथून बाहेर येते. पॅडचे पंखे आत जाणाऱ्या फटींच्या खाली आले पाहिजेत. पंखे एकीकडे आणि फटी दुसरीकडे, असे असेल तर सहा पंखेही व्यर्थ. पंखे वरच्या दिशेने हवा मारतात ना, हेही पाहावे. उलट ओढणारे पंखे लॅपटॉपच्या पंख्याशी रस्सीखेच करतात. काही लॅपटॉपना तळाला फटीच नसतात, काहींना पंखाही नसतो. त्यांना नुसती उंच बैठक पुरते.

कडेने स्पंजाची पट्टी असलेले पॅड हवा बाजूने निसटू न देता फटींतच घुसवतात. त्यांचा परिणाम साध्या जाळीच्या पॅडहून जास्त, पण आवाजही तसाच आणि किंमतही. हवा बाहेर पडण्याच्या फटीला लावायचे शोषक पंखेही मिळतात. ते बाजूला फट असलेल्या यंत्रालाच बसतात. निळ्या दिव्यांचा आणि गारव्याचा काहीएक संबंध नाही.

साध्या यू.एस.बी. जोडणीतून पाच व्होल्टने अर्धा अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त अडीच वॅट वीज मिळते. तेवढ्यात सहा पंखे आणि दिवे चालायचे, तर त्यांचा वारा किती असणार हे ओळखता येईल. ही वीजही लॅपटॉपच पुरवतो. वीज गेल्यावर बॅटरीवर काम करताना पॅड लावणे म्हणजे ओझे वाहणाऱ्या बैलावर त्याच्या चाऱ्याचेही ओझे टाकणे होय.

आणखी एक गोष्ट. पॅड लावूनही आकडा उतरला नाही, तर लगेच निराश होऊ नये. प्रक्रियकाला थोडी मोकळीक मिळाली की तो कामाचा वेग वाढवतो आणि पुन्हा तेवढाच तापतो. किंवा आतला पंखा हळू होतो आणि आवाज कमी होतो. म्हणून आकड्यासोबत कामाला लागलेला वेळ आणि आवाजही नोंदवावा. माझ्या चाचणीत न साफ केलेल्या यंत्राला पॅड लावल्यावर तेच काम आधीपेक्षा लवकर झाले होते. नुसते अंश पाहिले असते, तर पॅडचा हा गुण मला दिसला नसता.

काही सूचना सावधगिरीच्या. गार करण्याच्या उत्साहात लॅपटॉपखाली ओले फडके किंवा बर्फाची पिशवी कोणीही ठेवू नये. बर्फाने गार झालेल्या भागावर हवेतला ओलावा दवासारखा जमतो, आणि आत पाणी गेले की मग दुरुस्तीवाल्या काकांच्याही हाती काही उरत नाही. कूलरच्या हवेने मात्र असे दव जमत नाही, कारण चालू लॅपटॉप त्या हवेपेक्षा गरमच असतो. फक्त तुषार उडतील इतक्या समोर बसू नये. तपमान आणि पूर्ण भरलेली बॅटरी ही जोडी बॅटरीचे आयुष्य खाते. म्हणून जेथे सोय असेल तेथे ती ८० टक्क्यांपर्यंतच भरू द्यावी. आषाढ-श्रावणात हवा दमट झाली की कूलरचा जोर ओसरतो, पण तेव्हा खोलीचे तपमानही उतरलेले असते.

शेवटी

माझा हिशेब असा झाला. चारशे रुपयांच्या साफसफाईने बारा अंश मिळाले. टेबल कूलरच्या खोलीत हलवल्याने दहा अंश मिळाले, आणि आजी त्याच खोलीत असल्यामुळे उठबसही वाचली. दोन पुस्तकांनी तीन अंश फुकट दिले. नऊशे रुपयांच्या पॅडने तीन ते पाच अंश दिले. तेव्हा क्रमच लावायचा तर आधी सफाई, मग जागा, मग उंची आणि सर्वांत शेवटी पॅड. मी तो नेमका उलटा लावला होता. आणि पहिल्या दुकानदाराचे ऐकले असते, तर चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप त्याच तापलेल्या खोलीत आणून ठेवला असता. चार वर्षांनी त्याच्याही पोटात तोच नमदा तयार झाला असता.

पॅड मी टाकून दिला नाही. प्रकल्पाच्या शेवटी ध्वनिफिती एकत्र जोडायचे जड काम होते, तेव्हा तो लावला आणि त्याने आपले काम चोख केले. त्याच्याकडून जेवढे मागायला हवे तेवढेच आता मी मागते.

कूलरच्या खोलीत बसून ओव्या उतरवताना आजी एकदा मध्येच थांबली. तिने लॅपटॉपच्या फटीपुढे हात धरला, ऊन हवा लागली तशी हात मागे घेतला आणि म्हणाली, “याले बी ताप येते का माय?” मी हो म्हटले. त्यावर तिने पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. साऱ्या उपायांतला पहिला आणि सर्वांत गुणकारी उपाय तिने काही न मोजता केला होता. त्या दिवशी यंत्र एकदाही बंद पडले नाही, आणि आजीची राहिलेली सर्व ओवी संध्याकाळपर्यंत उतरून झाली.